मारेगावची न पिटलेली दवंडी

विद्यापीठाला प्रसिद्धी कशाला लागते, हा प्रश्न मला सर्वात आधी माझ्या बायकोने विचारला. वर्तमानपत्रातली उपसंपादकाची नोकरी सोडून मी विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागाचा प्रमुख झालो, त्याच दिवशी. "साबण विकतात तसं आता ज्ञान विकणार का तुम्ही?" असं म्हणून ती भाकऱ्या थापायला निघून गेली. आमचा विभाग म्हणजे मी, एक टंकलेखक आणि एका पायाखाली वीट सारलेलं टेबल. नवं राज्य नुकतंच झालेलं, सगळीकडे नव्या पाट्या रंगत होत्या. त्यातलीच एक माझ्या दारावर लागली होती.

कुलगुरू मात्र हा विभाग फार मनावर घेऊन होते. मुलींसाठी त्यांनी एक नवं वसतिगृह उभं केलं होतं. गरीब आणि मागासलेल्या घरच्या मुलींना तिथे राहणं-जेवण फुकट. इमारत तयार, खाटा आल्या, स्वयंपाकीण नेमली गेली, पण अर्ज फारसे येईनात, यवतमाळ जिल्ह्यातून तर एकही नाही. कार्यकारिणीतले काही सभासद तर म्हणू लागले होते की मुली येत नसतील तर इमारत दुसऱ्या कामाला द्या. कुलगुरूंनी मला बोलावलं आणि एवढंच म्हणाले, "आपण आहोत हेच तिकडे कुणाला ठाऊक नाही. जाऊन सांगून या."

तेव्हा भित्तिपत्रकांची एक वळकटी, खळीचा डबा आणि होल्डॉल घेऊन मी एस.टी.त बसलो. माझं गाव कृष्णाकाठचं. विदर्भ मी तोवर नकाशातच पाहिला होता. तिकडे कोणी सहसा हौसेने जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

राळेगाव

थंडीचे दिवस होते आणि कापूस फुटला होता. आमच्याकडे शेत म्हटलं की ऊस किंवा हिरवी ज्वारी डोळ्यांपुढे येते. इथे काळ्या जमिनीवर पांढरी बोंडं, आणि त्यात कमरेला ओटी बांधून वाकलेल्या बाया. दूर कुठेही पाहिलं तरी हेच. रस्त्याने बैलगाड्या गच्च भरून सरकी काढायच्या जिनाकडे चाललेल्या, त्यांतून निसटलेला कापूस बाभळीच्या काट्यांना अडकून राहिलेला. एस.टी.तून उतरलो तेव्हा माझ्याही कोटावर तो चिकटला होता.

राळेगावात मी शाळेच्या भिंतीवर, पाणवठ्याजवळ आणि पिंपळाच्या पारावर भित्तिपत्रकं लावली. वर विद्यापीठाच्या इमारतीचं चित्र आणि खाली मजकूर: 'ज्ञानगंगेच्या तीरी आपले स्वागत असो.' मजकूर आमच्या समितीने तीन बैठकांत ठरवला होता. एक म्हातारे गृहस्थ चित्राकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनी मला विचारलं, "हा दवाखाना हाय काय? कोनता इलाज करते?" मी समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण दवाखाना असता तर बरं झालं असतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

संध्याकाळच्या भाषणाला हेडमास्तर आले, पोस्टमास्तर आले, आणि वाऱ्यापासून आडोसा शोधत आलेले काही जण भिंतीला टेकून बसले. बाई एकही नव्हती. हेडमास्तरांनी घरी नेऊन ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी वाढली. ती चटणी मी त्याआधी कधी खाल्ली नव्हती, आणि आता सातारी शेंगदाण्याच्या चटणीचं नाव काढायला मला लाज वाटते. पण भाषणाचा फज्जा उडाला होता, त्यामुळे जेवताना मी फारसं बोललो नाही.

आर्णी

आर्णीला मी सायकल भाड्याने घेतली. नदीच्या उतारावर तिची साखळी तुटली आणि मी सायकल ढकलत दुकानात परत आलो. दुकानदार यासीनमिया वयाने माझ्याएवढेच, दाढी मेंदीने रंगवलेली, हाताला कायम वंगण. साखळी जोडता जोडता त्यांनी माझ्या वळकटीकडे पाहिलं.

"ये क्या बेचते साब?"

मी सांगितलं.

"कागज चिपकाके कौन आयेगा? इधर मुनादी होना. टॉकीजवाले का तांगा फिरता, उसके संग बोल दो. दो पैसे ले लेगा."

मुनादी म्हणजे दवंडी. गावात तंबूचा सिनेमा आला होता. त्याचा तांगेवाला पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून रोज दुपारी खेळाची वर्दी देत फिरायचा. यासीनमियांनी त्याला हाक मारली, आणि त्या दुपारी आर्णीकरांनी नायक-नायिकेच्या नावांपाठोपाठ आमच्या वसतिगृहाचं नाव ऐकलं. संध्याकाळी मैदान भरलं. बायासुद्धा आल्या आणि एका कडेला पदर सावरून बसल्या. माझ्या आवाजाला एकाएकी धार आली. समितीचा मजकूर बाजूला ठेवून मी सरळ बोललो, लोकांनी प्रश्न विचारले.

रात्रीचं जेवण यासीनमियांनी त्यांच्याकडेच करायला लावलं. जेवण झाल्यावर ते हळूच म्हणाले, "मेरी नसीम छोटी है अभी. पर बताओ, वहाँ उसका खाना अलग पकेगा? नमाज को कोई टोकेगा तो नहीं?" मला ठाऊक नव्हतं. विचारून कळवतो म्हणालो. या प्रश्नाचा विचार आमच्या तीन बैठकांत कोणी केला नव्हता, हे मात्र मनात टोचत राहिलं. तरी आर्णी सोडताना मी खुशीत होतो. लोकांना गोळा कसं करायचं, ते आपल्याला कळलं आहे, अशा थाटात मी मारेगावच्या गाडीत बसलो.

मारेगाव

मारेगावात माझी सोय बापुराव पाटलांकडे होती. माणूस मोकळा, आतिथ्य उदंड. वाळलेल्या तुरीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, वर कच्चं तेल, कांद्याची पात. असं भरीत आमच्याकडे होत नाही, कारण आमच्याकडे त्या काड्या नाहीत. मी हात चाटत असताना ते म्हणाले, "कायची फिकर करता? संध्याकाळी चावडीवर गाव गोळा होते."

मी उत्साहाने म्हटलं, "दवंडी मिळेल का द्यायला? आर्णीला फार उपयोग झाला."

पाटलांनी पानाचा डबा पुढे ओढला. मग हसले. "काहून नाई? आत्ता लहानूले बलावतो."

इथेच घोडं पेंड खाणार आहे हे मला कळायला हवं होतं. दवंडी म्हणजे आर्णीचा तांगेवाला आणि त्याचा भोंगा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. खेड्यात दवंडीला डफडं लागतं, आणि ते डफडं कोणी वाजवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. हे माझ्याही गावात होतंच. पण छपन्न सालच्या धर्मांतरानंतर काय बदललं, याचा विचार मी केला नव्हता.

लहानूजी आले आणि ओट्याखाली उभे राहिले. पन्नाशीचे, उंच, धोतर स्वच्छ धुतलेलं. पाटलांनी काम सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "पाटील, डफडं आमी सोडलं. तुमाले मालूम हाय."

"मालूम हाय ना बापा. पन मी काय मेलेलं ढोर ओढाले सांगून राह्यलो काय? युनिवर्सिटीचे सायेब आले हायेत. पोरीयच्या शिक्षनाचं काम हाय, तुह्याच पोरीच्या. एक दिवस वाजोलं तं काय बिघडते?"

"एक दिवस वाजोलं का मंग रोजचंच होते."

पाटलांचा आवाज चढला नाही. उलट तो आणखी गोड झाला. "पाहा बापा. तुह्या कौसल्येच्या अर्जाले माह्या सहीचा दाखला लागते ना? देतो ना मी. पन मानसानं मानसाच्या कामी पडा लागते."

आता मला सगळं कळलं. लहानूजींची मुलगी मॅट्रिक झाली होती. ज्या वसतिगृहाची जाहिरात करत मी हिंडत होतो, तिथेच तिला यायचं होतं. त्याचं नाव तिने शाळेत ऐकलं होतं, हे मला मागाहून कळलं. आणि तिच्या बापाने डफडं हातात घ्यावं म्हणून पाटलांनी माझंच काम पुढे केलं होतं. आणखी वाईट म्हणजे, लहानूजी पाटलांकडे न पाहता माझ्याकडे वळले.

"सायेब, तुमी शिकलेले मानूस. तुमीच सांगा. तुमच्या कामासाठी वाजवू काय डफडं?"

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी 'वाजवा' म्हटलं असतं तर त्यांनी वाजवलं असतं की नाही, ते मला आजही ठाऊक नाही. पण विद्यापीठ त्यांना काय सांगतं, हे त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं. त्या ओट्यावर विद्यापीठ म्हणजे मी होतो, आणि माझे हात भरिताच्या तेलाने माखलेले होते.

"नको, लहानूजी," मी म्हणालो. "मी घरोघर जाऊन सांगेन."

पाटलांनी पानाचा डबा बंद केला. "मंग चावडीवर सभा होनार नाई सायेब. बिनदवंडीची सभा आमच्या गावात होत नसते."

"आमच्या इकडं घ्या," लहानूजी म्हणाले, आणि वळून चालू लागले. मी हात धुतले, पाटलांना नमस्कार केला आणि होल्डॉल उचलून त्यांच्यामागे गेलो.

त्यांची वस्ती गावाच्या उगवतीला, नाल्यापलीकडे होती. कुडाची घरं, पण अंगणं अशी सारवलेली की पाऊल ठेवायला संकोच वाटावा. मधोमध एक नवी झोपडी, तिच्या दारावर निळा झेंडा. आत बुद्धाची तसबीर आणि तिच्यापुढे झेंडूची ताजी फुलं. हेच त्यांचं विहार. कौसल्या बाहेर आली. अठरा-एकोणीस वर्षांची, सावळी, कपाळावर हलक्या आठ्या, जणू समोरचं काहीतरी नीट वाचू पाहते आहे. बापाने तिला झालेलं सांगितलं. तिने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "चाला, मी घरं दाखोतो."

आम्ही घरोघर हिंडलो. मी दारात उभा राहून सांगायचो, ती माझ्या वाक्यांची भाषा बदलून पुन्हा सांगायची. तिची वाक्यं निम्म्याने छोटी असायची आणि बाया तिचंच ऐकायच्या. गावातल्या गल्लीतही आम्ही गेलो. तिथे काही दारं उघडली, काही नुसती किलकिली झाली. चालता चालता मी डफड्याचं विचारलं.

"दीक्षा घेऊन आले तवा बाबानं विळ्यानं चामडं कापलं," ती म्हणाली. "मी लहान होती. गंज रडली. मले त्याचा आवाज आवडे. तं बाबा म्हने, आवाज चांगलाच होता वं, पन तो वाजला का आपल्याले धावत जा लागे. कोनी मेलं का धाव, सायेब आला का धाव. आता नाई धावाचं."

मग मी तिला विचारलं की मॅट्रिक कुठून केलं. मारेगावात तेव्हा हायस्कूल नव्हतं. ती म्हणाली, वणीला मामाकडे राहून. मी रस्त्यातच थांबलो.

"मग पाटलांचा दाखला कशाला? ज्या शाळेतून मुलगी मॅट्रिक झाली, त्या शाळेच्या हेडमास्तरांची सही लागते. बस्स. वणीचे हेडमास्तर देतील. पाटलांचा यात काही संबंध नाही."

तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. ती रागावली होती, आणि तो राग आवरून अगदी हळू म्हणाली, "हे मले एकलीले नोका सांगू. सभेत सांगा. मी सांगीन तं कोनी माननार नाई. अजून दोघी हायेत आमच्यात, पुढच्या वर्षी मॅट्रिकले बसनाऱ्या. पाटलानं त्यायच्या बापालेही असंच सांगून ठेवलं."

माझ्या मनात चलबिचल झाली, ती लपवत नाही. त्याच पाटलांचं मीठ मी काही वेळापूर्वी खाल्लं होतं. शिवाय मी परत जाणार, हे लोक इथेच राहणार. लहानूजी पाटलांच्याच शेतात सालाने कामाला होते. परत आल्यावर मी त्यांना विचारलं, "सभेत सांगू का? तुम्हाला त्रास होईल."

"सांगा," ते म्हणाले. एवढंच.

दिवेलागणीला विहारापुढे कंदील लावला. वस्तीतली माणसं आली, म्हाताऱ्या आल्या, शेतातून थेट आलेल्या बाया ओटीतला कापूस न सोडताच बसल्या. गावातलं कोणी जवळ आलं नाही. पण नाल्याच्या गावाकडच्या काठावर कडुलिंबाखाली काही पुरुष येऊन उभे राहिले होते. अंधारात त्यांच्या विड्यांची टोकं दिसत होती.

मी ज्ञानगंगेचं नाव काढलं नाही. वसतिगृह कुठे आहे, तिथे काय मिळतं, कोणाला मिळतं ते सांगितलं. आणि मग म्हणालो, "दाखला लागतो तो शाळेच्या हेडमास्तरांचा. गावच्या पाटलांची सही लागत नाही."

तान्ह्या पोराला थोपटणारा एका बाईचा हात तसाच थांबला. पुढे बसलेल्या एका आजींनी विचारलं, "मंग पाटलाची सही कायले लागते?"

"कशालाच लागत नाही, आजी."

तेव्हा मागे उभे असलेले लहानूजी पुढे आले. "सायेब, अजून एकडाव सांगा. जराक जोरानं. त्या लिंबाखाली उभे हायेत ना, त्यायलेही आयकू जाऊ द्या."

मी घसा साफ केला. उभ्या आयुष्यात मी तेवढ्या मोठ्याने कधी बोललो नसेन. नाल्याच्या पलीकडे जाईल अशा आवाजात मी ते वाक्य पुन्हा म्हटलं. थोड्या वेळाने विड्यांची टोकं एकेक करून गावाकडे निघाली.

सकाळी मी लहानूजींच्या अंगणात चहा पीत होतो, तेव्हा पाटलांचा माणूस आला. आत न येता त्याने नाल्याच्या काठावरूनच सांगितलं, "पाटील म्हने, लहानूनं आजपासून वावरात येऊ नोको." आणि वळून गेला.

कप खाली ठेवून मी उठलो. पाटलांकडे जाऊन बोलतो, हात जोडतो, काहीतरी करतो, असं म्हणू लागलो. लहानूजींनी मला खाली बसवलं.

"तुमी आज निंगून जासान. पाटलाशी बोलाचं झालं तं मीच बोलीन. मले इथी राहाचं हाय."

"पण हे माझ्यामुळे झालं."

"नाई सायेब. हे होनार हे मले काल मालूम होतं. म्हनूनच तं दुसऱ्यांदा सांगाले लावलं. एकडाव सांगतलं असतं तं गाव म्हनलं असतं, सायेब चुकून बोलले."

कौसल्या चुलीपाशी बसून ऐकत होती. तिने वर पाहिलं नाही. तिच्या आईने मला बांधून दिलेल्या भाकरीबरोबर आणखी एक भाकरी घातली. घरातलं शेतावरचं काम गेलं होतं आणि तरी ती बाई मला जास्तीची भाकरी देत होती. ती घेताना मला काय वाटलं हे लिहून सांगण्याची माझी ताकद नाही.

परत

वणीपर्यंत बापलेक माझ्याच गाडीत होते. हेडमास्तरांनी चष्मा पुसला, कौसल्येला ओळखलं, अर्जावर सही केली आणि शाळेचा शिक्का मारला. इतकं सोपं होतं ते सगळं. लहानूजी बाहेर व्हरांड्यात थांबले होते. तिथूनच ते काम शोधायला चुनाभट्टीकडे गेले. निरोप घेताना त्यांनी मला जयभीम केला, आणि मीही केला. तो शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाला.

मी अहवाल लिहिला. भित्तिपत्रकं बंद करावीत, मजकूर समितीने लिहू नये, वसतिगृहातलं जेवण आणि नमाज यांबद्दल आधी ठरवावं, अशा काही गोष्टी त्यात होत्या. कुलगुरूंनी तो वाचून जवळ ठेवून घेतला. यासीनमियांना मी लवकरच उत्तर कळवलं: जेवण वेगळं शिजेल, नमाजाला कोणी टोकणार नाही.

जूनमध्ये वसतिगृह उघडलं. पहिल्या दिवशी मी फोटोग्राफरला घेऊन फाटकाशी उभा होतो. विद्यापीठाच्या पत्रिकेच्या मुखपृष्ठावर यवतमाळ जिल्ह्यातून आलेली पहिली मुलगी छापायची, हे माझ्या मनात पक्कं होतं. शेवटी प्रसिद्धी हाच माझा धंदा. कौसल्या रिक्षातून उतरली. पत्र्याची पेटी, नवं पांढरं लुगडं, एकटीच.

"वडील नाही आले?"

"भट्टीवर हायेत. सुट्टी नाई भेटली."

मी तिला पायऱ्यांवर उभं राहायला सांगितलं. विद्यापीठाचं नाव मागे दिसेल अशी जागा मी आधीच हेरून ठेवली होती. फोटोग्राफर काळ्या फडक्याखाली शिरला. ती पायरीवर चढली नाही. पेटी खाली ठेवून तिथेच उभी राहिली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "फोटो काढाचाच असन तं बाबाचा काढा जी. मी तं निस्ती आली. डफड्याले 'नाई' त्यायनं म्हटलं."

मी फोटोग्राफरला कॅमेरा मिटायला सांगितला, आणि तिला भट्टीचा पत्ता विचारला.